क्वारंटाइन: आजाऱ्याचे की निरोग्याचे?

एका वाचकाने विचारले आहे की, ‘ताप आल्यामुळे त्याला क्वारंटाइन केले’ हे वाक्य बरोबर आहे काय, या शब्दाचा मूळ अर्थ चाळीस असेल तर ‘चौदा दिवसांचे क्वारंटाइन’ म्हणावे काय, आणि लिहिताना ‘क्वारंटाइन’ लिहावे की ‘क्वारंटीन’.

पहिले वाक्य चूक आहे आणि कोरोनाकाळापासून ते इतक्या वेळा कानांवर आदळले आहे की आता त्याचा वीट आला आहे. ताप आलेल्या माणसाला वेगळे ठेवतात ते विलगीकरण. क्वारंटाइन असते ते धडधाकट दिसणाऱ्या, पण संशयास्पद ठिकाणाहून आलेल्या माणसाचे, जहाजाचे किंवा मालाचे. परदेशातून आलेली रोपे बंदरावर अडवून ठेवतात तेव्हा ती किडलेली आहेत असे कोणी म्हणत नाही. हा भेद शब्दकोशातला काथ्याकूट नव्हे, तो मध्ययुगातील प्लेगने घडवलेल्या संस्थांत दगडाविटांनी बांधलेला आहे.

1347 च्या अखेरीस प्लेग युरोपच्या बंदरांत उतरला आणि नंतरही वरचेवर परतत राहिला. एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुझा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, हे व्यापारावर जगणारे नगर होते. वेशी कायमच्या बंद केल्या तर उपासमार आणि उघड्या ठेवल्या तर मरण, अशी त्याची कोंडी होती. 27 जुलै 1377 रोजी तेथील महासभेने ठरवले की प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्याने आधी म्र्कान या बेटावर किंवा त्साव्हतात या गावी एक महिना काढावा आणि मगच नगरात पाऊल ठेवावे. त्यांना भेटायला जाणाऱ्या नागरिकालाही तेथेच महिनाभर राहावे लागे. व्यापार थांबू नये म्हणून व्यापाऱ्यांनीच काढलेली ही तडजोड होती. तिच्यात वैद्यापेक्षा हिशेबनीस अधिक दिसतो. पुढे या नियमासाठी स्वतंत्र अधिकारी नेमले गेले. प्लेग येईल तेव्हा समिती नेमायची आणि तो ओसरला की मोडायची, ही जुनी रीत अशा रीतीने मागे पडत गेली, आणि व्हेनिसने तर 1486 मध्ये कायमचे आरोग्यमंडळच उभे केले.

त्या व्हेनिसने भेद कसा पाळला, ते पाहण्यासारखे आहे. 1423 मध्ये एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ काढण्यात आले. 1468 मध्ये दुसऱ्या बेटावर संशयित जहाजांतील माणसे आणि माल थोपवण्याची सोय झाली, जेथे माल उघडा करून धुरी देत असत. रुग्णांचे बेट वेगळे, निरोग्यांचे वेगळे. पहिल्या बेटावर नाझारेथच्या सांता मारियाच्या नावाचा मठ होता, म्हणून इस्पितळाला ‘नाझारेतो’ म्हणू लागले. कुष्ठरोग्यांचा कैवारी संत लाझारस लोकांच्या तोंडी होताच, त्याच्या ओढीने ‘न’चा ‘ल’ झाला आणि ‘लाझारेतो’ हे नाव जन्मले, जे पुढे युरोपभरच्या अशा सर्व वास्तूंना लागले. एका गावाचे नाव आणि एका संताचे नाव यांचा असा संकर दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आता चाळीस. इटालियनमध्ये ‘क्वारांता’ म्हणजे चाळीस, इतके सर्वांना ठाऊक असते. परंतु चाळीसच का, यावर काही विद्वान प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसचा हवाला देतात: तीव्र आजार चाळीस दिवसांत प्रकट होतो, असे त्याचे मत होते म्हणे. हे मला मुळीच पटत नाही. तेच वैद्यकग्रंथ प्रमाण मानणाऱ्या रागुझाने तीस दिवस ठरवले होते, आणि 1374 मध्ये मिलानचा सत्ताधीश बेर्नाबो व्हिस्कोंती याने प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना दहाच दिवस दूर ठेवले होते. प्लेग तर संसर्गानंतर बहुधा आठवड्याच्या आत दिसू लागतो. तेव्हा वैद्यकाने हा आकडा दिलेला नाही. तो धर्म आणि कायदा यांच्या वळणात आधीच रुजलेला होता: ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवास, बायबलमधील बाळंतिणीचे शुद्धीकरण (आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिनाही त्याच सुमाराचा), आणि माझा सर्वांत आवडता दाखला म्हणजे 1215 चा मॅग्ना कार्टा, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेली हक्कांची सनद, जिने विधवेला नवऱ्याच्या मृत्यूनंतर चाळीस दिवस त्याच्या घरात राहण्याचा हक्क दिला. इंग्लिश कायद्यात या हक्काचे नाव क्वारंटाइनच होते, आणि इंग्रजी भाषेत तो अर्थ रोगाच्या अर्थाहून जुना आहे. म्हणजे इंग्रजीत या शब्दाने आधी एका बाईला घरात राहू दिले, आणि जहाजाला बंदराबाहेर ठेवणे त्याच्या वाट्याला नंतर आले. कोशकार ही नोंद तळाशी टाकून मोकळे होतात, याचा मला राग येतो. माझ्या मते ती सर्वांत वर हवी.

‘चौदा दिवसांचे क्वारंटाइन’ म्हणायला अर्थातच हरकत नाही. मुदत घटली तरी संस्था तीच राहिली, आणि महिनाभराच्या रागुझालाही आपण आज याच शब्दाने ओळखतो. राहिला लेखनाचा प्रश्न. इंग्रजी उच्चार ‘क्वॉरंटीन’च्या जवळचा आहे, आपण वर्ण वाचून ‘क्वारंटाइन’ केले. ते आता रुळले आहे, तेच लिहावे.