घरी टीव्हीवर बघताना नावाजलेले चित्रपटही फिके का वाटतात?

तुमचा प्रश्न असा, की गेल्या महिनाभरात तुम्ही घरी ‘तुंबाड’, ‘कोर्ट’, ‘द डिसायपल’ आणि ‘थ्री ऑफ अस’ बघितले, पण एकही भिडला नाही. चित्र रोजच्या मालिकेसारखं दिसतं, संवाद कळत नाहीत, रात्रीच्या प्रसंगात नुसता काळोख. मग दोष चित्रपटांचा, आपल्या आवडीचा की टीव्हीचा?

ही तीन लक्षणं एकत्र असतील तर दोष बहुतेक टीव्हीचा. दुकानातल्या झगझगीत उजेडात उठून दिसावा अशा बेताने त्याचं चित्र लावलेलं असतं आणि आपण तो घरी आणून वर्षानुवर्षं तसाच चालवतो. हे चारही चित्रपट मला फार मोलाचे वाटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मालिकेसारखं दिसण्याबद्दल. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, टीव्हीचा पडदा सेकंदाला ५० किंवा ६० वेळा बदलतो. मधली जागा भरायला टीव्ही आपल्या मनानेच नव्या चौकटी बनवून घुसडतो. स्टुडिओत व्हिडिओवर चित्रित झालेल्या मालिकांची हालचाल अशीच गुळगुळीत असते, म्हणून चांगला चित्रपटही तसा दिसायला लागतो. ‘द डिसायपल’मध्ये (२०२०) शास्त्रीय गायक होऊ पाहणारा शरद रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकलवर जातो. गती मुद्दाम संथ ठेवली आहे, खाली तानपुरा आणि वर त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचा आवाज. हा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. त्या संथपणातच चित्रपटाचा जीव आहे. टीव्हीने मधे चौकटी भरल्या की गाडीच्या कडेला पाण्यासारखी थरथर दिसते, मागचे दिवे घसरल्यासारखे जातात आणि सगळं प्रसंगभर स्वस्त वाटत राहतं.

उपाय दोन मिनिटांचा आहे. पिक्चर सेटिंगच्या आत, बहुधा ‘ॲडव्हान्स्ड’खाली, सॅमसंगमध्ये ‘पिक्चर क्लॅरिटी’ (जुन्या संचात ‘ऑटो मोशन प्लस’), एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’ सापडेल. ते बंद करा. इथे बरेच जण फसतात: हे सेटिंग प्रत्येक इनपुटसाठी आणि प्रत्येक पिक्चर मोडसाठी वेगळं साठवलं जातं. सेटटॉप बॉक्सवर बंद केलंत म्हणून ॲपमध्ये बंद झालं असं नाही. एचडीआर (उजेड-काळोखाचा जास्त मोठा पल्ला दाखवणारा) चित्रपट सुरू झाला की टीव्ही दुसऱ्याच मोडमध्ये जातो, म्हणून तो चालू असतानाच आत जाऊन पुन्हा एकदा बंद करा. संचात ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर सरळ तोच निवडा. २०१९ मध्ये जाहीर झालेला हा मोड या सगळ्या ढवळाढवळी एकदम थांबवतो. क्रिकेटसाठी गुळगुळीतपणा हवाच असेल तर तो ‘स्पोर्ट्स’ मोडमध्ये राहू द्या.

आता काळोख. ‘तुंबाड’ (२०१८) पाऊस, ढगाळ आभाळ आणि कंदील-दिवट्यांच्या उजेडात घडतो. चित्र दिसेना म्हणून लोक ‘ब्राइटनेस’ वाढवतात, तिथेच घोटाळा होतो. बऱ्याच टीव्हींत ‘ब्राइटनेस’ म्हणजे काळ्याची पातळी. ती वाढवली की काळा राखाडी होतो, दृश्यातला दिवा मात्र आहे तेवढाच राहतो. वाढवायचा असतो ‘बॅकलाइट’, म्हणजे पडद्यामागचा उजेड. सोनी आणि नव्या सॅमसंगमध्ये मात्र ‘ब्राइटनेस’ हाच बॅकलाइट, आणि काळ्याच्या पातळीला अनुक्रमे ‘ब्लॅक लेव्हल’ आणि ‘शॅडो डिटेल’ म्हणतात. नावाने गोंधळलात तर ते सेटिंग वाढवून बघा: चित्राच्या वरखालच्या काळ्या पट्ट्याही राखाडी झाल्या तर चुकीचं बटण, मागे या. त्याआधी ‘एनर्जी सेव्हिंग’ आणि खोलीच्या उजेडानुसार चित्र कमीजास्त करणारा सेन्सर बंद करा. अंधाऱ्या प्रसंगांचा निम्मा खून हे दोघेच करतात. कमी किमतीच्या टीव्हीवर एचडीआर मंदच दिसतं, तिथे बॅकलाइट पूर्ण ठेवा आणि ट्यूबलाइट बंद करून टीव्हीच्या मागे एक छोटा पिवळसर दिवा लावा.

काळ्या भागात चौकोनी ठोकळे किंवा पट्टे दिसत असतील तर कारण इंटरनेट. फुल एचडीला साधारण ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस वेग टीव्हीपर्यंत पोचला पाहिजे. कनेक्शन १०० चं असून हे होतं, कारण मुंबईच्या इमारतीत वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर आजूबाजूच्या डझनभर घरांचे राउटर एकमेकांत मिसळलेले असतात. टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर घ्या; राउटर त्याच खोलीत असेल तर लॅनची वायर उत्तम. शिवाय काही स्वस्त प्लॅनमध्ये चित्रच कमी दर्जाचं मिळतं, त्याला कुठलंही सेटिंग वाचवू शकत नाही.

आवाजाचं दुखणं सगळ्यांत मोठं आहे. ५.१ ध्वनीत (सहा वाटांनी येणाऱ्या सराउंड आवाजात) संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात. टीव्हीला दोनच स्पीकर, तेही खाली किंवा मागे तोंड करून. सहा वाटा दोनात कोंबल्या की संगीत वर येतं आणि बोलणं खाली जातं. म्हणून ॲपच्या भाषेच्या यादीत ‘५.१’ न लिहिलेला पर्याय असेल तर तो घ्या. टीव्हीत ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘ॲम्प्लिफाय’ असेल तर लावा, ‘सराउंड’ बंद करा. ‘थ्री ऑफ अस’ (२०२३) बघताना पंखा पाचवरून दोनवर आणा आणि रस्त्याकडची खिडकी लावा. विस्मरण सुरू झालेली शैलजा वेंगुर्ल्याला, आपल्या बालपणाच्या गावी परतते. शेफाली शाह आणि जयदीप अहलावत इतकं हळू बोलतात की दोन वाक्यांमधला श्वासही ऐकण्यासारखा आहे. फिरत्या पंख्याखाली तोच नेमका बुडतो.

साउंडबार घ्यायचाच असेल तर २.१ पेक्षा ३.१ घ्या, तो ३ म्हणजे संवादासाठी वेगळा मधला स्पीकर. जोडणी टीव्हीच्या ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारी सोय) लिहिलेल्या एचडीएमआय खाचेतच करा, आणि टीव्हीत सीईसी (जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय) चालू करा, नाहीतर बार गप्प बसतो. ब्लूटूथने जोडू नका, ओठ आणि आवाज मागेपुढे होतात.

‘कोर्ट’ (२०१४) कंटाळवाणा वाटण्याचं कारण मात्र अंतर असावं. कॅमेरा लांब आणि स्थिर उभा राहतो, माणसं फ्रेममध्ये लहान दिसतात, आणि गंमत कोपऱ्यात चाललेली असते: जांभई देणारा कारकून, फायली चाळणारे हात. ४३ इंची टीव्ही दहा फुटांवरून बघितला तर हे काहीच दिसत नाही. पडद्याच्या कर्णाच्या (टीव्हीचे इंच हाच तो कर्ण) साधारण १.६ पट अंतर धरा. म्हणजे ४३ इंचीसाठी पावणेसहा फूट, ५५ इंचीसाठी सव्वासात फूट. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा हलत नसेल तर चित्रपटापुरती खुर्ची पुढे ओढा. टीव्ही शोकेसच्या वर उंच टांगलेला असेल तर निदान खाली झुकवा. बऱ्याच पॅनलवर तिरक्या नजरेने रंग पांढुरके पडतात. आणि सबटायटल लावा. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी यांची सरमिसळ हेच सत्र न्यायालयाचं खरं रूप आहे.

भाषेचा हा मुद्दा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला (२०२४) तर दुप्पट लागू. मुंबईतल्या मल्याळी नर्स आणि हिंदी जमत नाही म्हणून अवघडलेला डॉक्टर. हिंदी डब लावलात तर गोष्टच पुसली जाते. मूळ आवाज आणि सबटायटल, दुसरा पर्याय नको. रंगाचं तापमान ‘कूल’वरून ‘वॉर्म’वर आणा, नाहीतर पावसाळ्यातल्या मुंबईचा तो हळवा निळा रंग निव्वळ बर्फासारखा दिसतो. पहिले दोन दिवस पडदा पिवळट वाटेल. तिसऱ्या दिवशी डोळे सरावतात.

वेब मालिकांना एवढे सायास लागत नाहीत. ‘स्कॅम १९९२’चे दहा भाग साध्या टीव्हीवरही छान जातात, कारण चेहरे जवळ आणि प्रसंग बंद खोलीतले. एका बैठकीला दोन भाग पुरे.

एक राहिलं. ‘सैराट’ (२०१६) घरी परत लावणार असाल तर शेवटच्या निःशब्द दृश्याला रिमोट हातात ठेवा. श्रेयनामावली सुरू झाली की अनेक ॲप चित्र कोपऱ्यात आक्रसवून पुढच्या चित्रपटाची जाहिरात मोठ्याने लावतात. प्रोफाइलमध्ये ‘ऑटोप्ले’ आधीच बंद करा. तरीही चित्र लहान झालंच तर त्या छोट्या चौकटीवर जाऊन ओके दाबा, ते पुन्हा पडदाभर होतं.