ऑफिसातल्या बऱ्याच कॉम्प्युटरवर अँटिव्हायरसचं अपडेट फेल होतंय. सगळीकडे काढून पुन्हा टाकावा का?

नका टाकू. निदान आज तरी नका.

तुम्ही लिहिलंय की साठ-सत्तर पीसीपैकी बऱ्याच ठिकाणी अपडेट फेल होतं, काही ठिकाणी बिनबोभाट होतं, आणि व्हेंडर म्हणतो की सॉफ्टवेअर करप्ट झालंय, सगळीकडे री-इन्स्टॉल मारू. एखाद्या पीसीवर करप्ट झालं तर समजू शकतो. एकाच आठवड्यात इतक्या पीसींवर एकदम? कोणाला पटतं हे?

मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कारखान्याचं आयटी बघतो. बघतो म्हणजे प्रिंटरच्या टोनरपासून शेठच्या मुलाच्या मोबाइलपर्यंत सगळंच. आमच्या डेस्कटॉपना मोकळं इंटरनेट नाही. जीएसटी, बँक अशा मोजक्या साइट उघडतात. अँटिव्हायरसचं अपडेट आधी आमच्या सर्व्हरवर उतरतं आणि बाकीचे पीसी तिथून घेतात. एका पावसाळ्यात हे सगळं ठप्प झालं. कन्सोलवर, म्हणजे सगळ्या पीसींच्या अँटिव्हायरसची स्थिती एकत्र दिसते त्या स्क्रीनवर, एकूणएक डेस्कटॉप ऑफलाइन, सर्व्हर स्वतः मात्र अपडेटेड. मी म्हणत होतो, नेटवर्क बघू द्या. कोण ऐकतो! व्हेंडरचा इंजिनिअर आला, डिस्पॅचच्या पीसीवरचा अँटिव्हायरस काढला, पेन ड्राइव्हवरून नवा टाकला, घड्याळाशेजारचं चिन्ह हिरवं झालं. "थई गयुं, साहेब." मग पुढचा पीसी, मग त्याच्या पुढचा. दिवसभर हेच. संध्याकाळी अकाउंट्सच्या मोठ्या भाईंनी कॉल शीटवर सही केली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "तुम्ही उगाच नेटवर्क-नेटवर्क करत होता."

पुढच्या आठवड्यात तेच पीसी पुन्हा लाल.

होणारच होते. नव्या सेटअपबरोबर बऱ्यापैकी ताज्या व्हायरस डेफिनिशन, म्हणजे व्हायरस ओळखायच्या याद्या, येतात, शिवाय हा माणूस त्या दिवशीची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊनच आला होता. हिरव्या चिन्हाचा अर्थ एवढाच, की आत्ता पीसीवर असलेल्या डेफिनिशन जुन्या नाहीत. अपडेट होतंय की नाही, हे ते चिन्ह सांगतच नाही. टाकीत बादलीने पाणी ओतलं म्हणून नळाला पाणी आलं असं होत नाही. ठरलेले दिवस उलटले, डेफिनिशन शिळ्या झाल्या, चिन्ह लाल.

मी आधीपासून काय सांगत होतो? मार्केटिंगच्या पोरांचे लॅपटॉप बघा. ते एकदाही लाल झाले नव्हते. तोच अँटिव्हायरस, तेच व्हर्जन, तीच विंडोज. फरक इतकाच की ते रात्री घरी जातात आणि सर्व्हर सापडला नाही तर थेट इंटरनेटवरून अपडेट घेण्याची त्यांना मुभा आहे. म्हणजे सॉफ्टवेअर धडधाकट होतं. अडलं होतं ते डेस्कटॉप आणि सर्व्हर यांच्यामध्ये.

शेवटी डिस्पॅचच्या पीसीपुढे खुर्ची ओढून बसलो. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन, सर्व्हरचा आयपी, अपडेटचा पोर्ट. उत्तर: फॉल्स, म्हणजे या पीसीवरून सर्व्हरच्या त्या दारापर्यंत पोचताच येत नाही. सर्व्हरवर जाऊन नेटवर्क प्रोफाइल उघडलं तर तिथे 'पब्लिक', म्हणजे विंडोजच्या लेखी परकं नेटवर्क. विजेच्या दणक्याने राउटर उडाला होता, नवा बसवला होता. आमच्याकडे डोमेन नाही (सगळे पीसी एका ठिकाणाहून सांभाळणारी व्यवस्था), साधा वर्कग्रुप. गेटवे, म्हणजे हा राउटर, बदलला की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि बऱ्याचदा ती पब्लिक धरून चालते. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये (येणारी-जाणारी कनेक्शन अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्यात) त्या पोर्टच्या रूलला फक्त 'प्रायव्हेट'ची टिक होती. बाहेर जायला वाट मोकळी, म्हणून सर्व्हरचं स्वतःचं अपडेट सुरळीत; आत यायला बंदी, म्हणून बाकी सगळे उपाशी. प्रोफाइल प्रायव्हेट केलं आणि चहा होईपर्यंत कन्सोलवर एकेक पीसी ऑनलाइन यायला लागला. त्या व्हिजिटचं बिल तोवर पास झालेलं होतं, ही गोष्ट वेगळी.

तुमच्याकडे नेमकं हेच असेल असं नाही. पण काही पीसींवर अपडेट होतंय ना, मग त्यांच्यात समान काय आहे ते आधी शोधा. एकाच मजल्यावरचे आहेत? एकाच स्विचवरचे? फेल होणारे सगळे जुने विंडोज ७ वाले तर नाहीत? विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि त्याआधी २०१९ मध्ये आलेले शा-२ चे (डिजिटल सहीच्या नव्या पद्धतीचे) पॅच ज्यांनी टाकलेच नाहीत, त्यांना नव्या फाइलींची डिजिटल सही ओळखता येत नाही. तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला की रविवारच्या सुट्टीनंतर पीसी काही वर्षं मागे जाऊन उठतो आणि मग कुठलंच सर्टिफिकेट त्याला पटत नाही. सी ड्राइव्ह भरलाय का बघा. एकाच इमेजवरून क्लोन केलेले, म्हणजे एका पीसीची हुबेहूब कॉपी मारून बनवलेले पीसी असतील तर सगळ्यांचा आयडी एकच होतो आणि कन्सोलवर दहांच्या जागी एकच दिसतो. आणि लॉग वाचा हो, लॉग! एरर कोड तिथे लिहिलेला असतो, पण व्हेंडरचा माणूस तो कधी उघडताना दिसत नाही.

एक-दोनच पीसी अडले असतील तर काढून पुन्हा टाकण्यात काही गैर नाही. कंपनीच्या रिमूव्हल टूलने काढा, नुसत्या कंट्रोल पॅनेलमधून नको. प्रायव्हेट प्रोफाइलची माझी गोष्टही ऑफिसच्या आतल्या सर्व्हरपुरती धरा, बाहेर फिरणाऱ्या लॅपटॉपवर तसलं काही करू नका. आणि मूळ दोष सापडेपर्यंत बँकेचं काम होणाऱ्या पीसींवर ऑफलाइन डेफिनिशन फाइल हाताने टाकत राहा. व्हेंडरच्या त्या माणसाने केलं ते तात्पुरतं म्हणून वाईट नव्हतं. त्याला दुरुस्ती म्हणून बिल लावलं, हे वाईट.

तुमच्याकडेही माणूस येऊन हिरवं करून दाखवेल. त्याला सांगा, सर्व्हरवर पुढची डेफिनिशन येऊ दे, ती याच पीसीवर कोणी हात न लावता उतरलेली दिसू दे, मग सही. मोठ्या भाईंना मी हेच म्हणालो होतो. ते म्हणाले, "इतका वेळ कोणाकडे आहे?"