दोन बॅटऱ्या, एकच कव्हर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

ई-सायकलला दुसरी बॅटरी घेतली की लांबच्या फेरीची काळजी मिटते, पण कव्हरांचं एक बारीक दुखणं मागे लागतं. नवी बॅटरी बहुतेकदा उघडीच हातात येते. जुनीचं कव्हर तिला बसेल का, काढता-घालताना काही बिघडेल का, अशी विचारणा करणारी पत्रं या वेळी बरीच आली. वाचताना लक्षात आलं की ‘कव्हर’ या एका शब्दाने चार वेगळ्या वस्तू सांगितल्या जातात. फ्रेमच्या तिरक्या नळीत, म्हणजे डाउनट्यूबमध्ये बसणाऱ्या बॅटरीवर बाहेरून स्क्रूने लावलेलं आवरण, ही एक. पिनांवर बसणारी रबरी टोपी, ही दुसरी. वरून चढवायची निओप्रीनची खोळ, ही तिसरी. आणि सेल ज्याच्या आत असतात तो बॅटरीचा स्वतःचा डबा, ही चौथी. पहिल्या तिन्हींची अदलाबदल घरी करता येते. डब्याची करू नये. का, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

प्रश्न : बॅटरीवर फ्रेमच्याच रंगाचं कव्हर चार स्क्रूंनी लावलेलं आहे. स्पेअर बॅटरी कव्हरशिवाय आली. बॅटरी बदलताना दर वेळी तेच कव्हर काढून दुसरीला लावलं तर चालेल का?

अधूनमधून चालेल, रोज नको. हे स्क्रू साध्या प्लॅस्टिकमध्ये जात नाहीत. बहुतेक बॅटऱ्यांत प्लॅस्टिकमध्ये पितळी बुश बसवलेला असतो आणि स्क्रूचे आटे त्यात धरतात. वारंवार उघडझाप केली, विशेषतः जोर लावून आवळलं, की बुश प्लॅस्टिकमधून सुटतो. मग स्क्रू फिरवला की बुशही सोबत गरगर फिरतो आणि स्क्रू आतही जात नाही, बाहेरही येत नाही. महिन्यातून एखाद्या वेळी मोठ्या फेरीला निघत असाल तर एक कव्हर दोघींत वापरा. आठवड्यातून दोनदा बॅटरी बदलत असाल, तर दुसरं कव्हर विकत घेऊन ते नव्या बॅटरीला कायमचं लावून टाका.

बदलायचंच असेल तर सायकलवर, उभ्याउभ्या बदलू नका. बॅटरी बंद करून बाहेर काढा आणि टेबलावर जाडसर टॉवेल पसरून त्यावर ठेवा. हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ उतरवून ठेवा आणि पिनांवर टोपी लावा. आता एक एक स्क्रू काढा. काढलेले स्क्रू वाटीत एकत्र टाकू नका. कागदावर कव्हरची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या जागी ठेवा. हा सोपस्कार नाही. एकाच कव्हरला पुढे १२ मिलिमीटरचे आणि मागे १६ मिलिमीटरचे स्क्रू असू शकतात, कारण मागे कव्हरखाली जाड रबरी पट्टी असते. १६ चा स्क्रू १२ च्या भोकात गेला तर डोकं टेकण्याआधीच त्याचं टोक तळाला लागतं. आपल्याला वाटतं स्क्रू अजून सैल आहे, म्हणून आपण आणखी पिळतो.

माझ्याकडे एकदा अशीच एक बॅटरी आली होती. कव्हर बसवलेलं दिसत होतं, पण एका कोपऱ्यात नखभर फट होती. स्क्रू काढून पाहिला तर टोकाला प्लॅस्टिकचा पांढरा भुगा चिकटलेला. टॉर्च लावून भोकात पाहिलं, तर तळाला खळगा पडला होता आणि त्याच्याभोवती काळ्या प्लॅस्टिकवर पांढुरकं वलय उमटलं होतं. प्लॅस्टिक फाटण्याच्या बेतात आलं की असं पांढरं पडतं. त्या तळाच्या पलीकडे सेल होते. चार मिलिमीटर जास्त लांबीचा एक स्क्रू, एवढंच त्याचं कारण. तेव्हापासून मी स्क्रू डोळ्यांनी जोखत नाही, व्हर्नियरने मोजतो. स्क्रू हरवला तर सुट्या स्क्रूंमधला मिळताजुळता शोधून लावू नका. तीन स्क्रूंवर घरी या, पण चौथा योग्य लांबीचाच घ्या.

स्क्रू सैल होतात म्हणून काहीजण थ्रेडलॉकर, म्हणजे आटे पकडून ठेवणारं द्रव, लावतात. धातूत धातू असेल तिथे ते छान काम करतं, पण एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटवर ते ओघळलं तर प्लॅस्टिकला बारीक चिरा पाडतं. कंपनीकडून आलेल्या स्क्रूंच्या आट्यांवर निळा सुका लेप असतो, तो याच कामासाठी. लेप झिजला की स्क्रूच नवा घ्या. आणि आवळताना पान्याचा आखूड दांडा चिमटीत धरा, मुठीत नको.

कव्हरच्या कडेने रबरी सील असेल तर ती पुसून, केस किंवा वाळूचा कण राहिला नाही ना हे बोट फिरवून बघा. सील खरंच दाबली जाते का, हे तपासायला वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी सीलखाली ठेवून कव्हर आवळा आणि पट्टी ओढा. पट्टी सहज सुटली तर तिथून पाणीही सहज जाईल. शेवटी बॅटरी फ्रेममध्ये बसवून खटक्याचा आवाज ऐका, किल्ली फिरवा आणि कव्हरला धरून खाली ओढून बघा. कव्हर एखाद्या बाजूला वर आलं असेल तर खटका अर्धाच बसतो. ३ किलोच्या आसपासची वस्तू चालत्या सायकलवरून रस्त्यावर पडली तर मागून येणाऱ्यालाही धोका.

प्रश्न : जुनी बॅटरी ५०० ची, नवी ६२५ ची. दोन्ही एकाच कंपनीच्या. कव्हर एकमेकींना बसेल?

नाही. हे आकडे वॉट-तासांचे आहेत आणि क्षमता वाढली की बहुतेकदा लांबीही वाढते. बॉशच्या पॉवरट्यूब ५०० ची लांबी ३४९ मिलिमीटर आहे, ६२५ ची ४१६. म्हणजे ६७ मिलिमीटरचा फरक. लहान कव्हर मोठ्या बॅटरीवर लावून उरलेली जागा टेपने झाकलेली मी पाहिली आहे. पहिल्या पावसात टेप सुटते आणि चिखल नेमका त्या पोकळीत साचतो. दुसरी अडचण अशी की कव्हर बहुधा बॅटरीची कंपनी बनवत नाही, सायकलची कंपनी बनवते. त्यामुळे बॅटरी तीच असली तरी दुसऱ्या सायकलचं कव्हर बसेलच असं नाही. शिवाय त्याच बॅटरीचे आडवी बसणारी आणि उभी बसणारी असे दोन प्रकार असतात. कव्हर मागवताना सायकलचं मॉडेल, तिचं वर्ष आणि बॅटरीवरचा पार्ट नंबर, तिन्ही सांगा.

प्रश्न : बॅटरी पडली आणि डब्याला चीर गेली. घरात तशीच एक मेलेली बॅटरी आहे, डबा धडधाकट. तिचा डबा हिला चढवू का?

कृपा करून नको. प्रश्न वरकरणी कव्हर बदलण्याचाच वाटतो, म्हणून जरा लांबून सांगतो.

आवरण काढलं की खाली बॅटरी असते. पण डबा उघडला की खाली सेल असतात. १८ मिलिमीटर व्यासाचे, ६५ मिलिमीटर उंचीचे, किंवा त्याहून थोडे मोठे २१ बाय ७० चे. ते निकेलच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. ३६ व्होल्टच्या पॅकमध्ये असे १० गट एकापुढे एक असतात आणि पूर्ण चार्जला त्यांचे ४२ व्होल्ट होतात. प्रत्येक गटाकडून बीएमएसकडे, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटकडे, एक केसासारखी बारीक तार जाते. डब्यावरचं बटण बंद केलं की बाहेर वीज येणं थांबतं, पण आतले सेल बंद होत नाहीत. त्यांना बटणच नसतं. डबा ओढून काढताना एखाद्या पट्टीवरचा इन्सुलेशनचा कागद सरकला आणि पेचकसाचं टोक दोन पट्ट्यांवर टेकलं, की मधे बीएमएस नसतो. ठिणगी नाही, सरळ वितळलेला धातू उडतो.

आता चिरेबद्दल. डब्याला चीर जाण्याइतका मार बसला असेल, तर तो मार आतपर्यंत गेला असण्याची शक्यता आहे. दबलेला सेल लगेच काही दाखवेलच असं नाही. काही तासांनी, काही दिवसांनीही तापू शकतो. नवा डबा चढवून आपण फक्त ती खूण झाकतो. चिरेत एपॉक्सी भरल्यानेही तेच होतं. बॅटरीच्या वाहतुकीसाठी यूएन ३८.३ नावाच्या चाचण्या असतात, त्यात कंप, धक्का, बाहेरून शॉर्ट असे प्रकार आहेत. त्या चाचण्या डबा, सेल आणि बीएमएस मिळून बनलेल्या आख्ख्या पॅकला लागू असतात. घरी डबा बदललेली वस्तू ही त्या चाचणीतून गेलेली वस्तू राहत नाही.

आत्ता काय करायचं? चार्जिंगला लावू नका. जळण्यासारखं काही आसपास नसेल अशा ठिकाणी, घराबाहेर, सावलीत आणि कोरड्यात ठेवा. फुगवटा, हाताला लागणारी ऊब, नेलपॉलिशसारखा गोडसर वास, यातलं काहीही जाणवलं तर तिला हलवू नका, लांब व्हा आणि अग्निशमन दलाला कळवा. काही जाणवलं नाही तर त्या कंपनीच्या सेवाकेंद्राला फोन करा, पडल्याचं लपवू नका आणि बॅटरी त्यांच्याकडे कशी न्यायची ते त्यांनाच विचारा. मेलेली बॅटरीही डब्यासाठी जपून ठेवू नका. ‘मेलेली’ म्हणजे रिकामी नव्हे, तिच्यात शॉर्टपुरती ताकद उरलेली असते. तीही रीतसर पुनर्वापराला द्या.

प्रश्न : एक बॅटरी ३६ व्होल्टची, दुसरी ४८ ची. दोन वेगळ्या सायकलींच्या, पण डबे दिसायला सारखे. कव्हरांची अदलाबदल झाल्यापासून कोणती कोणती ते कळत नाही.

या वेळच्या पत्रांत मला सगळ्यांत जास्त काळजी याच पत्राची वाटली. तुम्ही ओळखीचं स्टिकर कव्हरवर लावलं होतं, असं दिसतं. कव्हर गेलं की ओळखही गेली. ४८ व्होल्टच्या, म्हणजे १३ गटांच्या बॅटरीचा चार्जर ५४.६ व्होल्ट देतो. तो ३६ च्या बॅटरीला लागला तर तिच्या ४२ व्होल्टच्या मर्यादेवर फक्त बीएमएस पहारा देत असतो, आणि पहारेकरी थकला तर सेल वाजवीपेक्षा जास्त भरले जातात. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीचे आकडे आणखी वेगळे.

कव्हरं काढा आणि डब्यावरची मूळ पाटी वाचा. पाटी पुसली असेल तर मल्टीमीटरने व्होल्टेज मोजलेलं बघून घ्या, तेही जाणत्या माणसाच्या हातून. आणि पाटी नसलेल्या बॅटरीला अंदाजाने चार्जर लावू नका. खात्री झाली की न पुसणाऱ्या मार्करने डब्याच्या अंगावरच व्होल्ट आणि खरेदीचं वर्ष लिहा. चार्जरच्या वायरीला त्या मार्करच्याच रंगाची टेप गुंडाळा. त्यानंतर कव्हरं हवी तशी फिरवा.

प्रश्न : निओप्रीनची खोळ थंडीत घालतो. उन्हाळ्यातही राहू दिली तर?

काढून ठेवा. खोळ ऊब निर्माण करत नाही, आहे ती ऊब हळू जाऊ देते. म्हणून घरातल्या गरम खोलीतून निघालेल्या बॅटरीला थंडीत तिचा उपयोग होतो. रात्रभर बाहेर गारठलेल्या बॅटरीला सकाळी खोळ घालून काही साधत नाही. उन्हाळ्यात चढावर बॅटरी स्वतःच तापते आणि खोळ ती उष्णता धरून ठेवते. चार्जिंगच्या वेळी तर कोणत्याही ऋतूत खोळ नको. ० अंशाखाली गेलेली बॅटरी चार्ज करू नये, कारण सेलच्या आत लिथियमचा धातू साचतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. ती आत आणा, खोळ लगेच काढा, डब्यावर दव जमलं असेल तर पुसा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्जर लावा.

प्रश्न : खोळीतली आणि टोपी लावलेली स्पेअर बॅटरी विमानात हातातल्या बॅगेत नेता येईल?

नाही. प्रवासी विमानात सुट्या बॅटरीला साधारण मर्यादा १०० वॉट-तासांची असते, विमान कंपनीने मंजुरी दिली तर १६० पर्यंत. ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तासांची बॅटरी ५०४ वॉट-तासांची होते. कव्हर कितीही चांगलं असलं तरी हा आकडा बदलत नाही.

प्रश्न : दोन बॅटऱ्यांत पिनांची टोपी एकच उरली आहे. दुसरीला टेप लावू का?

एखाद्या दिवसापुरती चालेल, पण कायमची नको. टेपचा गोंद उन्हात पातळ होऊन पिनांवर उतरतो, त्यात धूळ बसते आणि जोड तापू लागतो. प्लॅस्टिक पिशवी, रबरबँड हेही तात्पुरतेच. गोंद बसला असेल तर बॅटरी बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने एक एक पिन वेगळी पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पेट्रोल, थिनर प्लॅस्टिकच्या जवळ आणू नका. हिरवट थर दिसला तर तो तांब्याचा गंज आहे, म्हणजे पाणी पोचलंय. पॉलिश पेपरने घासून पिनेवरचा मुलामा काढू नका, ती सेवाकेंद्रात दाखवा.

टोपी मात्र बॅटरीमागे एक हवीच. बॅगेत उघड्या पिना आणि किल्ल्यांचा जुडगा एकत्र आले तर काय होईल ते सांगायला नको, कारण काही बॅटऱ्यांच्या पिनांत सायकलवरून काढल्यावरही वीज असते. टोप्या हरवतात त्या सायकलवर बॅटरी चढवताना, ‘इथेच ठेवली होती’ म्हणत. टोपीच्या कडेला भोक असेल तर नायलॉनचा जाड दोरा ओवून तिला बॅटरीच्या मुठीला बांधा. दोरा एवढा लांब हवा की टोपी बाजूला लोंबेल, आणि एवढा आखूड की चाकापर्यंत पोचणार नाही.