वडिलांच्या सायकलला गिअर बसवू का?

प्रश्न : वडिलांची २८ इंची, रॉड ब्रेकची काळी सायकल आठ वर्षं पडवीत उभी आहे. चेनकव्हरवर त्यांनी स्वतः रंगवलेलं नाव आहे. शाळेच्या वाटेवर चढ लागतो. दुकानदार म्हणतो, ७००सी (हल्लीच्या गिअरच्या सायकलींच्या मापाची) चाकं टाका, सात गिअर बसवा. खर्चाची तयारी आहे, पण सायकल तीच राहील ना?
— एक शिक्षक, सातारा

उत्तर : सर, नाही राहणार. रॉड ब्रेकचे रबर रिमला आतल्या बाजूने लागतात. ७००सीच्या रिमला तशी बाजूच नसते, म्हणजे ब्रेक गेले. ब्रेकचे दांडे हँडललाच जोडलेले, म्हणून हँडलही गेलं. सात गिअरचा हब (चाकाच्या मधला भाग) रुंद असतो, त्यासाठी मागचा फोर्क फाकवावा लागतो. शेवटी जुनी उरते ती फक्त फ्रेम.

टायर घेतानाही जपा. ‘२८’ तुमच्या आणि ७००सीच्या, दोन्ही टायरांवर लिहिलेलं असतं, पण तुमची रिम ६३५ मिलिमीटरची आणि ७००सी ६२२ची. मी एकदा २८ बघून टायर आणला आणि दोन तास झटलो. तो चढलाच नाही. टायरच्या कडेला ६३५ आकडा दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.

चढासाठी फक्त फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र, बदला. माझ्या सायकलला पुढे ४४ दात, मागे १८ होते. पायडलच्या एका फेऱ्यात साडेपाच मीटर जायची. मागे २२ दातांचं बसवल्यावर साडेचार मीटर जाते. सपाटीवर पाय जास्त फिरतात, पण चढावर उतरावं लागत नाही. जुनं फ्रीव्हील प्रत्येक पायडलबरोबर आवळत गेलेलं असतं. रात्रभर तेल मुरू द्या, दुसऱ्या दिवशी त्याचा पाना व्हाइसमध्ये धरून अख्खं चाक डावीकडे फिरवा. ठोकाठोकी नको, दात तुटतात.

चेनही तपासा. एका पिनेवर फूटपट्टीचं शून्य ठेवा. बारा इंचांच्या रेघेवर पुन्हा पीन यायला हवी. अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेन ताणली आहे, नवीच घ्या. चेन ठीक असेल आणि तीच ठेवली, तर मागच्या मोठ्या फ्रीव्हीलसाठी एखादा जोड वाढवावा लागेल.

ब्रेकचे रबर मात्र आजच बदला, आठ वर्षांत ते दगड होतात. नव्या रबरांनीही पावसात स्टीलच्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. उतार सुरू होण्याआधीच दाबायला लागा.

आणि साफसफाईला रॉकेल वापरलंत तर चेनकव्हर आधी काढून ठेवा. नाव ओल्या फडक्यानेच पुसा.