डाव्या मांडीतल्या लायपोसार्कोमाला (चरबीच्या पेशींचा कॅन्सर) कोणता आयसीडी-१०-सीएम कोड (आजारांच्या नोंदीसाठी अमेरिकेत वापरला जाणारा कोड) लावायचा? सी ४९.९ चालेल का?

नाही, सी ४९.९ नको. तो जागा अजिबात कळत नसेल तेव्हाचा. इथे रिपोर्टमध्ये 'डावी मांडी' स्पष्ट लिहिलंय, म्हणून सी ४९.२२. सी ४९.२ म्हणजे खुब्यासह (हिप) पाय, त्यातल्या मऊ ऊतींचा कॅन्सर, शेवटचा आकडा बाजूचा: १ उजवी, २ डावी. बाजूच लिहिली नसेल तर ०, पण त्याआधी डॉक्टरांना विचारा.

लायपोसार्कोमा, लायोमायोसार्कोमा (गुळगुळीत स्नायूंचा कॅन्सर) अशा सार्कोमाच्या, म्हणजे मऊ ऊतींच्या कॅन्सरच्या, नावांवरून इथे कोड बदलत नाही, जागेवरून बदलतो. बहुतेकांची गल्लत इथेच होते. तीच गाठ पोटामागच्या पोकळीत, म्हणजे रेट्रोपेरिटोनियममध्ये असती, तर सी ४८.०. अपवाद आहेतच: कापोसी सार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून होणारा कॅन्सर) सी ४६ मध्ये, जीआयएसटी (पचनमार्गाच्या भिंतीतली गाठ) सी ४९.ए मध्ये. अवयवातला सार्कोमा सहसा त्या अवयवाच्या कोडखाली जातो, उदाहरणार्थ स्तनातला सी ५० खाली.

फुप्फुसात पसरला असेल तर मूळ कोड तसाच ठेवून सोबत सी ७८.० मधला कोड जोडा. गाठ काढली, उपचार संपले, आता फक्त तपासणीला येतात? मग सी ४९ नाही, झेड ८५.८३१, म्हणजे मऊ ऊतींचा कॅन्सर पूर्वी होऊन गेल्याचा कोड. आणि बायोप्सीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत ओपीडीत 'संशयित' गाठीला कॅन्सरचा कोड लावू नका.