गळ्यात साखळी घालून हौद्यात नको: पिकअपवाल्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कारमधून कुत्र्याला कसं न्यायचं ते लिहिलं होतं, आणि त्यावर आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त पिकअपवाल्यांची निघाली. कारमध्ये मागची सीट असते हो, पण आमच्याकडे उघडा हौदा आहे त्याचं काय, असा सगळ्यांचा सूर. बरोबर आहे तुमचं, तो विषय राहूनच गेला होता. म्हणून यावेळी फक्त पिकअप.

प्रश्न : डॉक्टर ताई, आमचा कुत्रा चार वर्षं पिकअपच्या मागे उभा राहून येतो. केबिनच्या मागच्या जाळीला साखळी बांधतो, साखळी लांब ठेवतो म्हणजे त्याला फिरता येतं. आजपर्यंत त्याने एकदाही उडी मारलेली नाही, वारा खात मजेत असतो. तरी आमची मुलगी म्हणते पिंजरा घ्या. खरंच गरज आहे का?

दादा, मुलीचं ऐका. चार वर्षं उडी मारली नाही म्हणजे चार वर्षांत तसं कारण समोर आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्याच्या कडेला एखादी मांजर पळाली, दुसरा कुत्रा अंगावर भुंकत आला, फटाका वाजला, की त्याला गाडी पळतेय हे आठवत बसायला वेळ नसतो, तो झेपावतो. आणि उडीचं सोडा, तुम्ही करकचून ब्रेक मारलात तर तो काय धरणार? आपण बसमध्ये उभं असलो तर दांडा तरी पकडतो, त्याच्याकडे चार पाय आणि नखं, आणि खाली गुळगुळीत पत्रा. नखं पत्र्यावर घसरतात, रोवत नाहीत. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतून कुठल्याही अडथळ्यावर सरळ आदळणं म्हणजे वेगाच्या हिशोबाने सुमारे १४ मीटर उंचीवरून पडणं, चौथ्या मजल्याच्या आसपास. तेवढ्या उंचीच्या गच्चीवर कठड्याशिवाय त्याला मोकळं सोडाल का तुम्ही?

पण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते म्हणजे ती लांब साखळी. माझ्याकडे एकदा एक तपकिरी कुत्री आणली होती, अशीच लांब साखळी गळपट्ट्याला लावलेली. स्पीडब्रेकरवर गाडी उसळली आणि ती बाजूच्या फाळक्यावरून बाहेर गेली. साखळी बाहेर जाण्याइतकी लांब होती पण पाय नीट जमिनीला टेकतील इतकी नव्हती, त्यामुळे ती मागच्या दोन पायांवर अर्धी लटकत अर्धी पळत राहिली. केबिनमध्ये गाणी चालू, काही कळलं नाही, मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून गाडी थांबवली. मागच्या पंजांच्या गाद्या पूर्ण सोलवटल्या होत्या, नखं मुळापर्यंत घासली गेली होती, गळ्याभोवती काळानिळा वळ. ती वाचली, पण तीन आठवडे दर दोन दिवसांनी ड्रेसिंग करावं लागलं. दरवेळी ड्रेसिंग होईपर्यंत तिचा मालक तीच साखळी हाताला गुंडाळून बाकावर बसलेला असायचा, एक शब्द बोलायचा नाही. प्रेम नव्हतं असं नाही हो, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी सांगतेय.

आता करायचं काय ते. पहिली पसंती केबिन, जागा असेल तर कुत्रा केबिनमध्येच, त्याबद्दल पुढे येतंच आहे. केबिनमध्ये जमतच नसेल तर पिंजरा, आणि तो नुसता हौद्यात ठेवलेला नाही तर बांधलेला. पिंजरा केबिनला चिकटून ठेवा, मागच्या फाळक्याजवळ नको, मागून गाडी आदळली तर पहिला मार तिथे बसतो आणि खड्ड्यात सगळ्यात जास्त उसळतंही तेच टोक. चारही कोपरे रॅचेट बेल्टने, म्हणजे दांडी खालीवर करून घट्ट करायच्या पट्ट्याने, हौद्याच्या हुकांना आवळा, रबरी दोऱ्या किंवा सुतळी चालणार नाही, त्या ताणल्या जातात. आवळून झाल्यावर पिंजरा दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवा, पिंजऱ्याबरोबर अख्खी गाडी हलली पाहिजे, नुसता पिंजराच हलला तर अजून आवळा. मापाचं म्हणाल तर कुत्र्याला आत सरळ उभं राहता यावं, वळता यावं आणि पाय पसरून झोपता यावं, बस्स. फार मोठा पिंजरा घेतलात तर आतल्या आत तो आपटत राहतो. खाली जाड रबरी मॅट, हवेला किमान दोन बाजू मोकळ्या. आणि पिंजऱ्याशेजारी खताची पोती, पाईप, गॅसची टाकी असलं काही सुटं ठेवू नका, ब्रेक लागला की ते सगळं त्याच्या अंगावर.

पिंजरा येईपर्यंत बांधल्याशिवाय इलाजच नसेल तर गळपट्ट्याला बांधू नका, छातीभोवतीचा हार्नेस घ्या. हौद्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूने एकेक पट्टा आणून हार्नेसला मधोमध लावा. उभं राहता येईल, बसता येईल, पण डोकं कुठल्याच फाळक्याबाहेर जाणार नाही इतकीच लांबी ठेवा. हूक गोल फिरणारा हवा, नाहीतर पट्ट्याला पीळ पडत जातो आणि लांबी कमी होत होत तो आवळला जातो. एवढं केलं तरी हे फक्त बाहेर पडण्यापासून वाचवतं, गाडी ठोकली तर नाही.

प्रश्न : याबद्दल काही कायदा आहे का, की आपलं आपल्या मर्जीवर? ट्रॅफिक पोलीस अडवू शकतात का?

मर्जीवर नाहीये, आणि हे ठिकाणाप्रमाणे खूप बदलतं, त्यामुळे दुसऱ्या राज्यात किंवा देशात जाताना तिथला नियम आधी बघाच. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये स्पष्ट म्हटलंय की प्राण्याला विनाकारण वेदना किंवा त्रास होईल अशा पद्धतीने वाहनातून नेणं हा गुन्हा. त्यात पिकअप हा शब्द नाही, पण उन्हात तापलेल्या पत्र्यावर आखूड दोरीने बांधलेला कुत्रा त्यात बसतोच की. शिवाय प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत, त्यात कुत्र्या-मांजरांसाठी वेगळं प्रकरण आहे. ते प्रवासाला फिट आहेत आणि रेबीजसारख्या संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत असं पशुवैद्यकाचं सर्टिफिकेट बरोबर असावं लागतं आणि दिवस भरत आलेल्या गाभण मादीला नेऊ नये असंही आहे.

बाहेर काही ठिकाणी तर थेट पिकअपचं नाव घेऊन नियम केलेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात कलम २३११७ आहे, त्यानुसार हौदा बंदिस्त हवा किंवा बाजू किमान ४६ इंच उंच हव्यात, नाहीतर कुत्रा पिंजऱ्यात किंवा दोन्हीकडून बांधलेला हवा, तेच जे मी वर सांगितलं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये सार्वजनिक रस्त्यावर उघड्या हौद्यात कुत्रा मोकळा न्यायचा नाही, गुरं हाकायचं काम करणाऱ्या कुत्र्यांना तेवढी सूट आहे. व्हिक्टोरिया राज्याचा नियम मला फार आवडतो, तापमान २८ अंश किंवा त्यापुढे असेल तर धातूच्या हौद्यावर उष्णतारोधक काहीतरी अंथरल्याशिवाय कुत्रा ठेवायचाच नाही. २८ अंश! आपल्याला ती गरमी वाटतच नाही, पण आपल्या पायात चपला असतात. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये नियम ५७ आहे, गाडीत कुत्रा अशा रीतीने बांधलेला हवा की ड्रायव्हरचं लक्ष विचलित होणार नाही आणि अचानक थांबलात तर कुणालाच इजा होणार नाही.

कामाच्या कुत्र्याला सूट आहे म्हणून तो घसरत नाही असं मात्र नाही. सूट कागदावर असते, पत्रा सगळ्यांना सारखाच.

प्रश्न : मागे हूड बसवून घेतलाय, काचेच्या खिडक्यांचा. आता ऊन, पाऊस, उडी कशाचीच भीती नाही ना?

पावसाची आणि उडीची नाही, उन्हाची मात्र वाढली. २००५ साली अमेरिकेत उन्हात उभ्या गाड्यांचं तापमान मोजलं होतं, बाहेर साधारण २२ ते ३५ अंश असताना तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. खिडक्या थोड्या उघड्या ठेवून फारसा फरक पडला नाही. हे कारचं मोजमाप, पण काचांचा बंद हूडही तसाच तापतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून उष्णता बाहेर काढतो, आणि आतली हवाच गरम आणि दमट झाली की त्या धापेचा उपयोग संपतो. पग, बुलडॉग असे चपट्या नाकाचे असतील तर आणखी लवकर. त्यामुळे चहाला थांबलात तरी त्याला आत ठेवून जायचं नाही.

दुसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. हवा लागावी म्हणून हूडची मागची झडप तेवढी उघडी ठेवून गाडी चालवू नका. गाडी पुढे जाते तशी मागे हवेची पोकळी होते आणि सायलेन्सरचा धूर झडपेतून आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कुत्रा नुसता सुस्तावतो आणि आपल्याला वाटतं झोपलाय. हवा बाजूच्या आणि पुढच्या खिडक्यांमधून घ्या.

धाप थांबत नाहीये, लाळ चिकट झालीये, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या जातायत, असं दिसलं तर गाडी सावलीत घ्या आणि तिथेच गार करायला लागा, दवाखान्यात पोचल्यावर बघू असं नको. मिळेल ते गार पाणी अंगावर ओता, पोटाखाली, मांड्यांमध्ये, वर वारा घाला. ओला टॉवेल अंगाला गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. थोडं गार झालं की लगेच दवाखाना, कारण वरून बरा दिसला तरी आत किडनीवर, रक्तावर परिणाम झालेला असू शकतो.

प्रश्न : केबिनमध्ये घेतो पण तो मांडीवर येऊन बसतो आणि डोकं खिडकीबाहेर. हाकललं की रडतो. काय करू?

मांडीवर अजिबात नको. स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असते, ती फुटते तेव्हा तिचा मार तुमच्या आणि स्टीअरिंगच्या मध्ये बसलेल्या कुत्र्यालाच बसणार. डबल केबिन असेल तर मागच्या सीटवर, हार्नेसमधून सीटबेल्ट ओवून. सिंगल केबिन असेल तर शेजारची सीट पूर्ण मागे सरकवा, त्या बाजूची एअरबॅग बंद करायची सोय असेल तर बंद करा, आणि पट्टा इतकाच ठेवा की तो तुमच्या गिअरपर्यंत पोचणार नाही. खिडकी चार बोटं उघडी पुरे, त्याला वास घ्यायचाय, डोकं बाहेर काढायचं नाहीये. वाऱ्याबरोबर येणारे खडे आणि किडे डोळ्यात जाऊन बुबुळाला जखम झालेली मी कितीतरी वेळा बघितलीये.

रडण्याचं म्हणाल तर त्याला आधी उभ्या गाडीत शिकवा. इंजिन बंद, हार्नेस लावलेला, पाच मिनिटं बसला की खाऊ. मग इंजिन चालू करून तसंच. मग गल्लीच्या टोकापर्यंत. आठ-दहा दिवस जातात, कुणाचे वीस जातात.

प्रश्न : पाच महिन्यांचं पिल्लू दरवेळी उलटी करतं.

पिल्लांचा आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग पूर्ण तयार नसतो, बरीचशी मोठी होता होता सुधारतात. निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला नको, पाणी चालेल. लांब जायचं असेल तर उलटीची गोळी डॉक्टरांकडून घ्या. गुंगीचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका, गुंगीतल्या कुत्र्याला तोलही सांभाळता येत नाही आणि गरमीही.

प्रश्न : दोन कुत्रे आहेत, एकमेकांशिवाय राहत नाहीत. एकाच पिंजऱ्यात ठेवले तर?

दोन पिंजरे घ्या, शेजारी शेजारी बांधा, जाळीतून एकमेकांना बघू द्या. ब्रेक लागला की दोघं एकमेकांवर आदळतात, आणि घाबरलेला कुत्रा जवळच्यालाच चावतो, मग तो रोजचा सोबती का असेना.

प्रश्न : आमची म्हातारी कुत्री पोचलो की फाळका उघडायच्या आत उतरायची घाई करते, परवा उडी मारून लंगडायला लागली.

मावशी, आधी तिच्या लंगडण्याचा एक्स-रे काढून घ्या, या वयात नुसती मुरगळ समजून सोडू नका. आणि इथून पुढे क्रम ठरवून टाका. गाडी थांबली, इंजिन बंद, मग फाळका थोडासाच उघडून आत हात घालून आधी दोरी लावायची, दोरी हातात पक्की आली की मगच फाळका पूर्ण आणि पिंजऱ्याचं दार. कुत्री हरवण्याचे जे किस्से माझ्याकडे येतात त्यातले बरेचसे चालत्या गाडीतले नसतात, थांबल्यावर दार उघडलं आणि ती सुसाट गेली, असे असतात. उतरायला एखादी रुंद फळी तिरकी लावा, वर जुनी गोणी ठोका म्हणजे पाय घसरणार नाही, आणि मागच्या बाजूने पोटाखाली हात देऊन तिला सावकाश खाली आणा.