जावामध्ये प्रायव्हेट फील्ड प्रोटेक्टेड केले, तर आधी सिरियलाइज केलेले (बाइटच्या रूपात साठवलेले) ऑब्जेक्ट वाचता येतात का?

ट्रान्झियंट, म्हणजे साठवू नये अशी खूण केलेल्या, फील्डचे काय होते हेही तुम्ही विचारले आहे. पण आधी प्रोटेक्टेडविषयी लिहिते, कारण नेमक्या याच बदलापायी मला भर बैठकीत दोष दिला गेला होता.

विम्याच्या एका प्रणालीत अर्धवट भरलेले प्रस्ताव रात्री सिरियलाइज करून फाइलमध्ये ठेवले जात आणि सकाळी पुन्हा उघडले जात. सबक्लासला हवे म्हणून मी मूळ क्लासमधील एक फील्ड प्रायव्हेटचे प्रोटेक्टेड केले आणि दुसऱ्या दिवशी एकही जुना प्रस्ताव उघडेना. प्रत्येक वेळी इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन (क्लास जुळत नसल्याची त्रुटी) येत होते आणि त्यात दोन वेगळे सिरियलव्हर्जनयूआयडी (क्लासच्या आवृत्तीचे ओळख-आकडे) दिसत होते. आमच्या टीम लीडनी सांगितले की अ‍ॅक्सेस मॉडिफायरचा (प्रायव्हेट, प्रोटेक्टेड अशा शब्दांचा) सिरियलायझेशनशी संबंधच नसतो, तेव्हा मी आणखी काहीतरी बिघडवले असले पाहिजे.

त्यांचे म्हणणे अर्धेच खरे होते. वाचताना फील्डची जुळणी नाव आणि प्रकार पाहून होते, अ‍ॅक्सेस पाहून नव्हे, आणि जावाचे स्पेसिफिकेशनही हा बदल सुसंगतच मानते. परंतु क्लासमध्ये सिरियलव्हर्जनयूआयडी लिहिलेला नसेल, तर जावा तो क्लासचे नाव, इंटरफेस, फील्ड, मेथड इत्यादींवरून एसएचए-१ या हॅश पद्धतीने काढते, आणि त्या हिशेबात फील्डचे मॉडिफायरही धरले जातात. केवळ प्रायव्हेट स्टॅटिक आणि प्रायव्हेट ट्रान्झियंट फील्ड वगळली जातात. म्हणजे नुसते व्होलाटाइल किंवा फायनल लावले तरी आकडा बदलतो. आमच्या क्लासमध्ये तो आकडा पूर्वी लिहिलेला होता. रिव्ह्यूमध्ये ‘निरुपयोगी ओळ’ म्हणून तो त्याच लीडनी काढायला लावला होता.

मी जुन्या बिल्डवर सिरियलव्हर हे तो आकडा दाखवणारे जावाचे साधन चालवले, मिळालेला आकडा नव्या क्लासमध्ये लिहिला, आणि फील्ड प्रोटेक्टेडच असताना सगळे प्रस्ताव उघडले. म्हणून ही ओळ काढा असे कोणी, कितीही वरिष्ठ असो, सांगितले तर ऐकू नका. मी त्या वेळी ऐकले, ते चुकले.

ट्रान्झियंट फील्ड लिहिले जात नाही आणि वाचल्यावर त्यात नल, शून्य किंवा फॉल्स येते. घोषणेतच नवा हॅशमॅप दिलेला असला तरीही नलच मिळते, कारण सिरियलायझेबल क्लासचा कन्स्ट्रक्टर त्या वेळी चालत नाही. रीडऑब्जेक्ट या वाचताना चालणाऱ्या मेथडमध्ये तो पुन्हा भरावा लागतो, आणि फील्ड फायनलही (एकदाच किंमत देता येणारे) असेल तर साध्या असाइनमेंटने तेही जमत नाही. स्टॅटिक फील्ड क्लासचे असल्यामुळे ऑब्जेक्टबरोबर जातच नाही.

हे सर्व साध्या क्लासविषयी आहे. एनममध्ये (ठरावीक किमतींच्या क्लासमध्ये) लिहिलेला सिरियलव्हर्जनयूआयडी दुर्लक्षिला जातो, तर रेकॉर्डमध्ये (केवळ माहिती धरणाऱ्या क्लासमध्ये) तो जुळण्याची अट नसते आणि वाचताना कन्स्ट्रक्टरही चालतो.